दुसऱ्याच्या छातीतून

ओतूरला एसटी स्टँडसमोरच्या बोळात माझा दवाखाना आहे. खाली दवाखाना, वर आम्ही राहतो. अकरा वर्षांपूर्वी पुण्याहून जुनं एक्स-रे मशीन आणलं तेव्हा गावाला त्याचं फार अप्रूप होतं. एक्स-रेला इकडे कुणी एक्स-रे म्हणत नाही, फोटो म्हणतात. छातीचा फोटो काढायचाय म्हटलं की बाया डोक्याला तेल चोपडून, ठेवणीतलं लुगडं नेसून यायच्या. सोपान म्हणून एक द्राक्षबागवाला आहे, तो तर पहिल्या वेळी फेटा बांधून आला होता. मी त्याला सदरासुद्धा काढायला लावला तेव्हा त्याचा चेहरा असा पडला की बाहेर बसलेले पेशंट हसायला लागले.

मी छातीचा डॉक्टर. इकडे खोकला म्हणजे टीबी, हे ठरलेलं. फोटोत कुठे पांढरं दिसलं की बाकीचे डॉक्टर डोळे मिटून गोळ्या लिहून देतात आणि मोकळे होतात. मी तसा नव्हतो. मला स्वतःबद्दल दोन गोष्टींचा गर्व होता. मी फोटो चुकीचा वाचत नाही, आणि मी कशाला भीत नाही. पेशंटांना एक गोष्ट मात्र मी घोकून घोकून सांगायचो: जुना फोटो टाकू नका. नव्या फोटोत काही दिसलं तर ते कालचं आहे की चार वर्षांपूर्वीचं, हे जुना फोटोच सांगतो. लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन तो फोटो खिडकीच्या फुटक्या तावदानाला लावायचे.

पंच्याण्णव सालच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्यग्रहण होतं. ओतूरच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. तिचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना आधीच पुरे झालं आहे. अर्धी घरं बागायतदारांची, अर्धी पूर्वी मेंढरं राखणाऱ्यांची, आणि त्यांतली एक-दोन अजून राखतात. ग्रहणाच्या आदल्या दिवशी मी तिथे एका घरी पेशंट बघायला गेलो, तर सगळी वाडी दारं लावून बसायच्या तयारीत. फराळाच्या डब्यांवर तुळशीची पानं ठेवलेली, पोटुशी सून खोलीत कोंडायची ठरलेली. माझं डोकंच फिरलं. मी पारावर उभा राहून सांगितलं, उद्या सकाळी मी येतो, आणि तुम्हाला सगळ्यांना इथेच ग्रहण दाखवतो.

त्यासाठी काळी फिल्म हवी होती. दवाखान्यात परतल्यावर मी कपाट उघडलं आणि वरचाच एक फोटो उचलला. तो त्याच वाडीतल्या गजराबाईचा होता. गजराबाई म्हणजे मेंढपाळाच्या घरची सून, मच्छिंद्रची बायको, पस्तिशीतली. वर्षभर खोकत होती. दहाच दिवसांपूर्वी मी तिचा फोटो काढला होता. दिव्याच्या पेटीवर लावून अर्धा मिनिट बघितला आणि 'नॉर्मल' असं लिहून टाकलं. बाहेर चाळीस पेशंट ताटकळत होते. गजराबाईने तो नेला नव्हता. "काय न्हाई ना त्यात? मंग ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," म्हणाली होती.

जुना फोटो टाकू नका म्हणणारा मी, तिचा फोटो मी कात्रीने कापला. हाडं आणि काळीज येतं तो भाग फोटोत पांढरट असतो, त्याचा उपयोग नव्हता. उजवीकडे माझ्याच डार्करूममधल्या पाण्याचा डाग पडलेला. एकच पट्टी चांगली काळीभोर निघाली, डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागाची. ती मी खिशात घातली.

सकाळी साडेसातला मी वाडीच्या पारावर हजर होतो. समोर पूर्व मोकळी, खाली ओतूरची घरं धुक्यात. वीस-पंचवीस माणसं लांब लांब उभी होती. मी पट्टी डोळ्यासमोर धरली.

"आधी मी बघतो," मी म्हणालो. "मला काही झालं तर तुम्ही पळा."

ग्रहण नुकतं लागलं होतं. नारिंगी सूर्य, आणि कडेला पहिला घास घेतलेल्या भाकरीसारखा जरासा खाल्लेला. फार सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू. मी पट्टी पुढे केली तशी गजराबाईची सासू धोंडाबाई गर्दीतून पुढे आली.

"डॉक्टर, ही छाती कुनाची?"

"तुमच्याच सुनेची, आजी."

"तिला इचारलं का?"

गजराबाई मागे पदराआड खोकत उभी होती. हसून म्हणाली, "बगू द्या की समद्यांना. मला काय व्हतंय?"

"न्हाई," म्हातारी म्हणाली. "दुसऱ्याच्या छातीतून बगू नये."

"आजी, ह्यातून फक्त उजेड येतो," मी म्हणालो. "दुसरं काही येत नाही."

"आन् उजेडाबरुबर काय येतं, ते तुमाला ठावं हाय?"

लोक मागे सरले. मी बरंच बोललो, दीड तास बोललो, चंद्राची सावली काठीने मातीत काढून दाखवली. त्या दीड तासात तीनच जण पुढे आले. आधी वाडीतलाच सोपान, कारण फेट्याची थट्टा तो विसरला नव्हता आणि आपण भित्रे नाही हे त्याला दाखवायचं होतं. मग ऐन ग्रहणात कुंडलिक, वाडीतला धिप्पाड पैलवान गडी. सूर्य सुटत आला तेव्हा सोनीबाई, अंगणवाडीतली मदतनीस. बाकीच्यांना धोंडाबाईने घरांत पिटाळलं. मी चिडून पट्टी तिथेच पारावर टाकली आणि निघून आलो.

घरी समृद्धी रुसली होती. माझी मुलगी, तेव्हा सात वर्षांची. तिला ताप होता म्हणून आईने तिला वाडीवर येऊ दिलं नव्हतं. ग्रहण कसं दिसलं, कोण घाबरलं, मी काय म्हणालो, हे सगळं तिने माझ्याकडून तीन-तीनदा वदवून घेतलं. तरी रडू थांबेना.

"पुढचं ग्रहण नव्याण्णवच्या ऑगस्टात आहे," मी म्हणालो. "तेव्हा तुला अख्खा फोटो देईन. तू स्वतः काप आणि स्वतः बघ."

"नक्की?"

"नक्की."

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत सोपान दवाखान्यात आला. महिनाभर खोकला, आणि त्या दिवशी सकाळी रुमालात रक्ताचा ठिपका. दुसरीकडे कुणीतरी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. मी फोटो काढला. डावीकडे वर, दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मधे, रुपयाएवढी गोल सावली. कडा स्वच्छ. खालच्या बाजूला शेजारी शेजारी दोन बारीक खाचा. टीबी असा दिसत नाही. मी गोळ्या बंद केल्या आणि त्याला घेऊन पुण्याला गेलो.

पुण्यात माझा शाळेपासूनचा मित्र डुंबरे छातीची ऑपरेशनं करतो. ओतूरचाच. त्याने सीटी स्कॅन केला, पाठीतून सुई घालून गाठीचा बारीक तुकडा काढला आणि तपासायला दिला. आठवड्याने उत्तर आलं: कार्सिनॉइड. फुफ्फुसात क्वचित होणारी गाठ. सावकाश वाढते, गोळ्यांना दाद देत नाही, कापूनच काढावी लागते. वेळेवर काढली तर माणूस पुढे वीस-तीस वर्षं जगतो.

"तुझ्या त्या बोळातल्या दवाखान्यातून कार्सिनॉइड पकडलास?" डुंबरे म्हणाला. "मानलं राव."

ऑपरेशनला मी हातमोजे घालून शेजारी उभा होतो. बरगड्या फाकवल्या, आत फुफ्फुस वर-खाली होत होतं, गुलाबी, चुलीच्या धुराचे काळे ठिपके पडलेलं. डुंबरेने माझं बोट धरून वरच्या भागावर नेलं. गाठ चिंचोक्यासारखी घट्ट लागली. डाव्या फुफ्फुसाचा तो वरचा भाग त्याने सोडवून काढला, ट्रेमध्ये ठेवला आणि गाठ मधोमध चिरली. आत पिवळसर, गुळगुळीत. आणि पिवळ्याच्या मधोमध नारिंगी रंगाचा एक आकार, अर्ध्याहून कमी उरलेल्या भाकरीसारखा.

"हे काय रे?" डुंबरे म्हणाला.

"आत रक्त साकळलं असेल," मी म्हणालो.

लॅबच्या रिपोर्टमध्ये त्या रंगाचा उल्लेख नव्हता. औषधात टाकल्यावर तो उतरला म्हणे. सोपान बारा दिवसांनी घरी गेला, आणि महिन्याने फेटा बांधून पेढे घेऊन आला. त्या वर्षी मी ओतूरच्या बाजारातून जरा छाती काढूनच चालत होतो.

दिवाळीच्या सुमाराला कुंडलिक आला. फोटो दिव्याच्या पेटीवर लावला आणि मला वाटलं, मी चुकून सोपानचाच काढला. डावीकडे वर, दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीत, खाली दोन खाचा. डुंबरेला फोन केला तर तो म्हणाला, लॉटरीचं तिकीट काढ. पण कुंडलिकची गाठ चिरल्यावर तो हसला नाही. पिवळ्याच्या मधे केशरी रंगाची बारीक कोर होती, नखाएवढी.

कुंडलिक आठव्या दिवशी गेला. सकाळी नर्सशी थट्टा करत होता, श्वासाच्या व्यायामाच्या तीन गोळ्यांच्या यंत्रातून श्वास ओढून तिन्ही गोळ्या वर धरून दाखवत होता. दुपारी पायातून रक्ताची गुठळी वर आली आणि पाच मिनिटांत खेळ आटोपला. त्याची बायको मला जिन्यात भेटली. "गोळ्यांनी बरं झालं नसतं का वो?" एवढंच तिने विचारलं. मी तिला तिथे उभं राहून शास्त्र समजावून सांगितलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

यंदा, नव्याण्णवच्या मे महिन्यात सोनीबाईला रक्त पडलं. तीच जागा. त्याच दोन खाचा. कुंडलिकचं बघून तिने ऑपरेशनला साफ नकार दिला. "मी घरीच मरंन," म्हणाली, आणि उठून बसस्टँडकडे चालू लागली. मी तिच्यामागे रस्त्यापर्यंत गेलो. तिने वळून बघितलं नाही.

मी तिन्ही फोटो घेऊन पुण्याला गेलो. डुंबरेने ते एकावर एक ठेवून दिव्याच्या पेटीवर लावले. सोपान बुटका, कुंडलिक पैलवान, सोनीबाई काडीसारखी. बरगड्या एकमेकींवर बसत नव्हत्या. सावली मात्र तिघांची मिळून एकच दिसत होती, खाचांसकट.

"तुझ्या कॅसेटमध्ये दोष आहे," तो म्हणाला. फिल्म ठेवायची पेटी, तिला कॅसेट म्हणतात.

"दोष असता तर तू सोपानच्या छातीतून काय काढलंस?"

त्याने दिवा बंद केला आणि हात धुवायला गेला. ऑपरेशन नव्हतं, काही नव्हतं, तरी तो कोपरापर्यंत हात धूत बसला.

मी शोधायचं ते सगळं शोधलं. कॅसेट उघडून तपासली, इतर पन्नास पेशंटांचे फोटो पुन्हा बघितले. वाडीची विहीर बघितली, द्राक्षांवर काय फवारतात ते लिहून घेतलं. वाडीतल्यांनी दोष खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या थाळ्यांना दिला. त्या थाळ्या काही सोडत नाहीत, नुसतं ऐकतात, हे मी त्याच पारावर बसून समजावलं. ग्रहण माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. कशाला येईल?

जूनमध्ये एका दुपारी धोंडाबाई गुडघा दाखवायला आली. मी तिन्ही फोटो पेटीवर ओळीने लावून बघत बसलो होतो, ते तसेच राहिले. म्हातारी खुर्चीत बसली, पदराने तोंड पुसलं, आणि तिची नजर पेटीकडे गेली.

"ही आमच्या घरची खून," ती म्हणाली. "तुमच्याकडं कशी?"

"कसली खूण?"

ती उठली, जवळ गेली आणि सावलीच्या खालच्या कडेवर बोट टेकवलं. "आमच्या मेंढराच्या कानाला आमी असं दोन काप देतो. खालनं, शेजारी शेजारी. माझ्या सासऱ्यापासून हाय. कळप मिसळलं तरी कान बगून कळतं कुनाचं हाय ते." मग तिने तिन्ही फोटोंवरून बोट फिरवलं. "ह्यो कोन? आन् ह्यो?"

मी नावं सांगितली. सोपान, कुंडलिक, सोनीबाई. नावं तोंडातून बाहेर पडत असतानाच मला आठवलं, ग्रहणाच्या दिवशी पारावर पुढे आले ते हेच तिघं.

"गजराबाई कशी आहे?" मी विचारलं.

"ती झाली बरी. त्या दिवाळीच्या गिरानापासनं खोकला गेला तिचा." म्हातारी पुन्हा खुर्चीत बसली आणि गुडघ्यावरून लुगडं सारखं करू लागली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी तवाच म्हनलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी मी गजराबाईला बोलावून घेतलं आणि तिचा फोटो काढला. दोन्ही फुफ्फुसं स्वच्छ. मी अर्धा मिनिट नाही, अर्धा तास बघितला. कुठे ठिपका नाही, रेघ नाही. चार वर्षांत ती अंगाने भरली होती, गाल वर आले होते.

"काय न्हाई ना?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी मोटारसायकल काढली. धोंडाबाई अंगणात लोकर निवडत बसली होती. मी काही विचारायच्या आत ती आत गेली आणि देव्हाऱ्याच्या मागून एक कापडाची पुरचुंडी घेऊन आली.

"तुमी पारावर टाकून गेला. कुनी पुन्यांदा बगू नये म्हून ठिवली."

मी पट्टी बाहेर काढली आणि आभाळाकडे धरली. डॉक्टरचा हात आहे, फिल्म हातात आली की तो आपोआप उजेडाकडे जातो. पट्टीच्या वरच्या कोपऱ्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मधे, गोल सावली होती. खाली दोन खाचा. पंच्याण्णव सालीच तिथे होती. रुपयाएवढी, ढळढळीत. शिकाऊ पोरालासुद्धा दिसली असती, आणि मी त्या फोटोवर 'नॉर्मल' लिहिलं होतं.

मी म्हातारीच्या अंगणातच खाली बसलो.

"तुमी बी बगितलं व्हतं," धोंडाबाई म्हणाली. "समद्यांच्या आदी."

तिच्या चुलीत मी ती पट्टी जाळली. आधी आक्रसली, मग तडतडली. वास घशात बसला तो ओतूरला पोचेपर्यंत गेला नाही.

दवाखाना बंद करायच्या आधी मी टेक्निशियनला म्हणालो, माझा एक फोटो काढ. हनुवटी वर केली, खांदे पुढे टाकले, गार कॅसेटला छाती टेकवली. श्वास घ्या, धरा, असं तो म्हणाला. रोज मी ते ऐकतो, त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासाठी ऐकलं.

फिल्म मी स्वतः धुतली.

लाल दिव्यात, औषधाच्या टाकीत, आधी बरगड्या आल्या. मग काळीज.

मग ती आली.

मी बायकोला आणि डुंबरेला फक्त गाठ आहे एवढं सांगितलं. डुंबरेने फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि तारीख दिली. तो काही विचारेल असं मला वाटत होतं. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? आयुष्यभर पारांवर उभं राहून लोकांना हसलो, आता मीच त्याला धोंडाबाईचं बोलणं ऐकवू? माझी जीभ रेटेना. एका गोष्टीचं मात्र मला मनापासून बरं वाटत होतं. समृद्धीला त्या सकाळी ताप होता. तिने बघितलं नव्हतं. माझं काय व्हायचं ते होवो, तिच्यापर्यंत हे पोचणार नव्हतं. ऑपरेशनच्या टेबलावर बेशुद्ध होताना माझ्या मनात शेवटचा विचार तोच होता.

ऑपरेशन चार ऑगस्टला झालं. तिसऱ्या दिवशी डुंबरे माझ्या पलंगाशी येऊन उभा राहिला. त्याला ते सांगायचं नव्हतं, पण सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं.

"तुझ्या गाठीतही तो रंग होता," तो म्हणाला. "पण कोर नव्हती. जवळजवळ अख्खा गोल. फक्त कडेला जरासा खाल्लेला, भाकरीचा पहिला घास घेतल्यासारखा."

मी भिंतीकडे तोंड केलं.

माझा फोटो पलंगाशेजारच्या कपाटात मोठ्या पिवळ्या पाकिटात होता. तो जाळायला हवा हे मला कळत होतं. पेपरांत रोज ग्रहणाच्या बातम्या येत होत्या, कुठून किती दिसेल त्याचे नकाशे येत होते. बायकोला सांगायचं तर ती का म्हणून विचारणार, आणि का ते मी सांगू शकत नव्हतो. शिवाय जुना फोटो टाकू नये हे इतकी वर्षं लोकांना सांगून माझ्याच हाडांत मुरलं होतं. पुढे पुन्हा काही उगवलं तर ताडून बघायला हाच लागणार. उद्या बघू, असं म्हणत मी सात दिवस काढले.

अकरा तारखेला सकाळी छातीतली नळी काढली. दुपारी दुखायला लागलं म्हणून इंजेक्शन दिलं. आभाळ गच्च होतं. असल्या ढगांत कुणाला काय दिसणार, असं मनाशी म्हणत मला झोप लागली.

जाग आली तेव्हा संध्याकाळ होत होती. खोलीतला उजेड पिवळट, उतरल्यासारखा. वॉर्डात चिटपाखरू नव्हतं. नर्सच्या टेबलावर चहा तसाच गार झालेला. शेजारच्या पलंगावरचा पेशंटही नव्हता.

कपाटाचं दार उघडं होतं.

मग वरच्या जिन्यातून पावलांचा आणि हसण्याचा आवाज आला. गच्चीवरून लोक खाली उतरत होते, पुष्कळ लोक. त्यांच्यातून समृद्धी धावत आत आली. अकरा वर्षांची झाली आहे आता.

"पप्पा, दिसलं! शेवटी ढग बाजूला झाले आणि दिसलं!"

"कशातून बघितलंस?"

"तुमच्या फोटोतून. तुम्ही म्हणाला होता ना, नव्याण्णवला अख्खा फोटो देईन? तुम्ही झोपला होता म्हणून मीच घेतला. सिस्टरांच्या कात्रीने कापला. बाकी सगळं पांढरं होतं, एकच पट्टी चांगली निघाली."

मी कोपरावर टेकून उठायला गेलो, टाके ओढले.

"आणि कुणी बघितलं?"

"सगळ्यांनीच. रांग गच्चीवरून जिन्यापर्यंत आली होती. ते शेजारचे काका, सिस्टर, डबा घेऊन येतात त्या मावशी. एक आजी नको म्हणत होत्या." ती हसली. "मी त्यांना म्हटलं, आजी, ह्यातून फक्त उजेड येतो. तुम्ही म्हणाला होता तस्संच. मग त्यांनी पण बघितलं."

गच्चीवर अडवायला धोंडाबाई नव्हती.

समृद्धीने पट्टी माझ्या हातात दिली, आणि माझा हात सवयीने खिडकीकडे गेला. वरच्या कोपऱ्यात ती सावली होती, दोन खाचांची. तिच्यावर बोटांचे ठसे पडले होते, ओले, तेलकट, एकावर एक, इतके की फिल्म मळकी दिसत होती.

"आधी मी बघितलं पण," ती म्हणाली. "तुम्ही नव्हतं का आधी बघितलं, बाकीच्यांची भीती जावी म्हणून?"

सगळ्या ठशांच्या खाली, पट्टीच्या कडेला, एक लहान अंगठा उमटलेला होता.